किटी टर्मिनल हाताला कसं बसवायचं: सेटिंग फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

नागपुरात लिनक्सशी पहिली गाठ बहुतेकांची दोन ठिकाणी पडते. एक तर इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला उबंटू समोर येतं, नाहीतर बर्डीच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज रडतखडत चालतं म्हणून कुणी मित्र लिनक्स टाकून देतो. मग काळ्या खिडकीत कमांड टाइप करणं सुरू होतं. कमांड हळूहळू जमतात, पण ती खिडकी जशी मिळाली तशीच पुढची तीनचार वर्षं वापरली जाते. अक्षर बारीक असतं, मे महिन्याच्या दुपारी खिडकीजवळ बसलं की पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, मराठी नावाची फाइल आली की अक्षरं एकमेकांवर चढतात. हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीतून सुधारता येतं.

या काळ्या खिडकीच्या प्रोग्रामला टर्मिनल म्हणतात, आणि मी इथे किटी हे टर्मिनल धरून चाललोय. ई-पुस्तकं सांभाळणारा कॅलिबर हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला, त्याच कोविद गोयल यांचं हे काम. फुकट आहे, लिनक्स आणि मॅकवर चालतं. चांगली टर्मिनलं आणखीही आहेत, पण कोणत्या लिपीला कोणता फॉन्ट लावायचा हे किटीला एका ओळीत सांगता येतं आणि मराठी माणसाला त्याची गरज पडतेच. किटी अक्षरं रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतं, त्यामुळे फारच जुन्या मशीनवर ते सुरूच न होण्याची शक्यता असते. तसं झालं तर हट्ट करू नका, उबंटूसोबत येणारं टर्मिनल वाईट नाही. विंडोजवर किटी थेट चालत नाही. तिथल्या विंडोज टर्मिनलची फाइल जेसन पद्धतीची असते आणि कंट्रोल, शिफ्ट, स्वल्पविराम दाबल्यावर उघडते. तिची गोष्ट वेगळी, ती आज नको.

उबंटूवर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे 'सुडो एपीटी इन्स्टॉल किटी', इतकं पुरतं. तिथून मिळणारी आवृत्ती थोडी जुनी असू शकते. सुरुवातीला त्याने काही अडत नाही, आणि जिथे अडतं तिथे मी सांगतोच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या लेखात सेटिंगांची नावं, कमांड, फाइलींची नावं सगळं देवनागरीत लिहिलंय. तुम्ही टाइप करताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचं. फॉन्टची नावं तेवढी मोठ्या अक्षरांनी सुरू होतात, आणखी कुठे मोठी अक्षरं लागली तर तिथेच सांगेन. जिथे दोन शब्दांमध्ये खालची रेघ आहे तिथे रेघच हवी, रिकामी जागा चालणार नाही. स्पेलिंगबद्दल शंका आली तर अंदाज करू नका. सगळी नावं किटीच्या स्वतःच्या फाइलीत लिहिलेली असतात, तिथे शोधा. कशी ते आता बघू.

फाइल कुठे असते

किटी उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एफ२ एकत्र दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर वरची एफची बटणं आवाज आणि उजेड कमीजास्त करायला जुंपलेली असतात. तिथे सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. मॅकवर यासाठी कमांड आणि स्वल्पविराम.

समोर जी फाइल उघडेल तिचा पत्ता असा:

~/.कॉन्फिग/किटी/किटी.कॉन्फ

सुरुवातीचं नागमोडी चिन्ह म्हणजे तुमचं होम फोल्डर. कॉन्फिगच्या आधी टिंब आहे, म्हणून ते फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये लपलेलं असतं. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसायला लागतं. फाइल आधी नसेल तर किटी स्वतःच ती बनवून देतं, आणि रिकामी नाही. त्याच्या सगळ्या सेटिंगा, त्यांची मूळ मूल्यं आणि प्रत्येकीचा खुलासा तिच्यात लिहिलेला असतो. खुलाशाच्या ओळी हॅश आणि कोलनने सुरू होतात, सेटिंगच्या ओळी नुसत्या हॅशने. म्हणजे ही एकच फाइल तुमचं मॅन्युअलही आहे आणि वहीही. इंटरनेट नसलं तरी चालतं.

इथे नवा माणूस हमखास अडकतो. फाइल ज्या एडिटरमध्ये उघडते तो बहुधा विम असतो आणि विममधून बाहेर कसं पडायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर. काही न बदलता बाहेर याल. मग तीच फाइल नॅनोने उघडा: 'नॅनो' लिहून पुढे वरचा पत्ता. नॅनोत काय दाबायचं ते खालीच छापलेलं असतं. फाइल उघडली की सगळ्यात शेवटी जाऊन पहिली ओळ हीच लिहा:

एडिटर नॅनो

कंट्रोल-ओ ने जतन करा, कंट्रोल-एक्स ने बाहेर पडा. पुढच्या वेळी एफ२ ने नॅनोच उघडेल.

फाइलीचे कायदे

नियम मोजकेच आहेत, पण ते माहीत नसले की एकेका ओळीवर संध्याकाळ जाते.

एका ओळीत एकच सेटिंग. आधी नाव, मग रिकामी जागा, मग मूल्य. बरोबरचं चिन्ह नाही, अवतरणचिन्ह नाही, शेवटी अर्धविराम नाही. सी किंवा जावा शिकणाऱ्यांच्या बोटांना अर्धविरामाची सवय असते, ती इथे आवरा.

हॅशने सुरू होणारी ओळ किटी वाचतच नाही. पण हॅश ओळीचं पहिलं अक्षर असेल तेव्हाच. 'फॉन्ट_साइझ १४' लिहून त्याच ओळीत पुढे हॅश टाकून 'आता नीट दिसतं' अशी टीप लिहिली, तर ती टीप मूल्याचाच भाग समजली जाते आणि ओळ बिघडते. पायथनमध्ये चालतं म्हणून इथेही चालेल असं वाटतं, आणि चालत नाही. टीप वरच्या ओळीत वेगळी लिहा.

एकच सेटिंग दोनदा लिहिली तर शेवटची खरी. याचाच फायदा घेऊन मी सगळ्यांना सांगतो की मूळ फाइलीच्या मध्ये हात घालू नका. हॅश काढून जागीच मूल्य बदलता येतं, पण दोन हजारांहून जास्त ओळींच्या जंगलात आपण काय बदललं ते सहा महिन्यांनी सापडत नाही. आपल्या सगळ्या ओळी तळाशी एकत्र लिहा. त्याहून बरं म्हणजे मूळ फाइलीला 'मूळ' असं दुसरं नाव देऊन बाजूला ठेवा, संदर्भाला, आणि किटी.कॉन्फ ही नवी कोरी फाइल करा. तिच्यात फक्त तुमच्या दहावीस ओळी. मला हीच पद्धत आवडते, कारण फाइल एका पडद्यात मावते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल्य चुकलं, समजा आकड्याच्या जागी शब्द लिहिला, तर किटी तक्रार करतं, ओळीचा क्रमांकही सांगतं. पण नावच चुकलं, समजा मधली रेघ न देता 'फॉन्टसाइझ' लिहिलं, तर ते बहुतेक वेळा ओळ निमूटपणे सोडून देतं. तुम्ही आकडा १४ चा १८ करता, १८ चा २४ करता आणि काहीच हलत नाही. काही बदलत नसेल तर मूल्याशी खेळू नका, आधी नावाचं स्पेलिंग मूळ फाइलीशी ताडून बघा. अशी सोडून दिलेली ओळ पकडायची असेल तर दुसऱ्या टर्मिनलमधून 'किटी' टाइप करून नवी खिडकी उघडा. न ओळखलेल्या नावाची कुरकुर, जिथे 'किटी' टाइप केलं त्याच टर्मिनलमध्ये छापून येते.

बदल केल्यावर किटी बंद करायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट, एफ५ दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते. मॅकवर कंट्रोल, कमांड, स्वल्पविराम. काही सेटिंगा मात्र नव्या खिडकीपासूनच लागू होतात, त्या पुढे येतील.

आणि एका वेळी एकच ओळ. ओळ लिहा, जतन करा, एफ५, बघा. इंटरनेटवरून कुणाची तरी तीनशे ओळींची फाइल उचलून चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. तिच्यातल्या निम्म्या ओळी त्या माणसाच्या कीबोर्डसाठी आणि त्याच्या पडद्यासाठी असतात, आणि काही बिनसलं की कोणत्या ओळीने बिनसलं ते तुम्हालाही कळत नाही, मदतीला आलेल्यालाही नाही.

अक्षर

पहिली ओळ आकाराची. मूळ आकार ११ असतो, जो १५ इंची लॅपटॉपवर मला तरी बारीक वाटतो.

फॉन्ट_साइझ १४

एफ५ दाबा. मोठं झालं? मग तुमची फाइल वाचली जातेय, पत्ता बरोबर आहे, नियम कळलेत. या ओळीपासून सुरुवात करायचं कारणही तेच, परिणाम लगेच दिसतो. तात्पुरतं मोठं करायचं असेल, समजा वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचंय, तर फाइलीला हात न लावता कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरचं चिन्ह. लहान करायला त्याच्याऐवजी उणे.

मग फॉन्टचं कुटुंब:

फॉन्ट_फॅमिली डेजाव्हू सॅन्स मोनो

टर्मिनलला समान रुंदीचा फॉन्ट लागतो, ज्यात आय आणि डब्ल्यू सारखीच जागा घेतात. दुसरा कोणताही फॉन्ट लिहिलात तर किटी तो न घेता आपल्या मनाने एखादा लावतं. नवीन आवृत्तीत 'किटन चूज-फॉन्ट्स' ही कमांड दिली की चालणारे फॉन्ट नमुन्यासह समोर येतात. जुन्या आवृत्तीत 'किटी +लिस्ट-फॉन्ट्स' नुसती यादी देते. निवडताना शून्य आणि ओ, तसंच एक, छोटा एल आणि मोठा आय शेजारी टाइप करून बघा. सुंदर दिसणाऱ्या कितीतरी फॉन्टांत ते ओळखू येत नाहीत आणि मग पासवर्ड चुकत राहतात.

देवनागरी

हा भाग लांबणार आहे, कारण इतर भाषांतली मार्गदर्शकं इथे हात वर करतात.

आधी परीक्षा. टर्मिनलमध्ये 'एको' लिहून पुढे हे शब्द चिकटवा: दुसऱ्या, क्षितिज, ज्ञानेश्वरी, विद्यार्थ्यांना, कुऱ्हाड. पाचही शब्द वाचता आले तर तुमचं नशीब चांगलं. बहुधा कुठेतरी रफार सुटलेला असेल, ऱ्ह चा तुकडा पडला असेल किंवा वरची मात्रा अर्धी कापली गेली असेल. माझ्याकडे येणारी पोरं यालाच 'दादा, अक्षर फुटून राहिलं ना' म्हणतात.

असं होतं कारण टर्मिनलचा पडदा गणिताच्या वहीसारखा असतो, सगळ्या चौकटी एका मापाच्या. इंग्रजीचं एक अक्षर एका चौकटीत बसतं, विषय संपला. 'क्ष' मात्र संगणकाच्या लेखी तीन चिन्हं आहेत: क, हलंत आणि ष. त्या तिघांचं मिळून एक अक्षर रंगवायचं, पण त्याला चौकटी एक द्यायची की दोन? हा हिशेब किटी आपल्या पद्धतीने करतं आणि आत चालणारा शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) किंवा एडिटर त्याच्या पद्धतीने. दोघांचं जमलं नाही की कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ऱ्हस्व वेलांटीचं आणखी वेगळं. ती टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. कोणता फॉन्ट वापरला जातोय, हा एक. चौकटींचा हिशेब, हा दुसरा. सेटिंग फाइलीतून पहिला नीट सुटतो, दुसरा थोडाच. ही मर्यादा आधी कळली तर पुढे चिडचिड होत नाही.

मशीनवर मराठीचे कोणते फॉन्ट आहेत ते बघायला ही कमांड:

एफसी-लिस्ट :लँग=एमआर फॅमिली

यादीत लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी काहीतरी उबंटूवर बहुधा सापडेल. नसेल तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज टाकून घ्या. नाव यादीत जसं दिसतं तसंच, लहानमोठ्या अक्षरांसकट, फाइलीत लिहायचं:

सिम्बॉल_मॅप यू+०९००-यू+०९७एफ नोटो सॅन्स देवनागरी

यातला 'यू' मोठा लिहायचा. युनिकोडमध्ये मराठीला लागणारी देवनागरीची चिन्हं ०९०० पासून ०९७एफ पर्यंतच्या पट्ट्यात बसवली आहेत. 'या पट्ट्यातलं काहीही आलं तर हा फॉन्ट वापर' असं ही ओळ किटीला सांगते. त्याआधी किटी समोर येईल त्या देवनागरी फॉन्टावर काम भागवत असतं, आणि तो फॉन्ट एखादा जुनाट निघाला की जोडाक्षरं गळतात. रुपयाचं चिन्ह या पट्ट्यात येत नाही, ते २०बी९ या जागी असतं. ते चौकोन म्हणून दिसत असेल तर त्याची वेगळी ओळ लिहा, पद्धत तीच.

फॉन्ट निवडताना ल आणि श कडे बघा. अनेक देवनागरी फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाने काढतात. हिंदी सगळ्यांनाच वाचता येत असल्यामुळे नागपुरात कुणाला फारसं खटकत नाही, मला खटकतं. ज्या फॉन्टात मराठी वळणच मुळात दिलंय तो घेतला की काम झालं. लोहितचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट मिळतो, त्यापासून सुरुवात करून बघा.

आता कापल्या जाणाऱ्या मात्रा. चौकटीची उंची इंग्रजी फॉन्टावरून ठरते आणि देवनागरीला वर मात्रा, खाली उकार असं दोन्हीकडे जास्त अंगण लागतं. म्हणून:

मॉडिफाय_फॉन्ट सेल_हाइट ११५%

ओळी थोड्या सुट्या होतात, 'र्थ्यां' वरचं सगळं दिसायला लागतं. ११० ते १२५ च्या दरम्यान आपल्या डोळ्यांना जमेल ते ठेवा. अशीच 'सेल_विड्थ' ही सेटिंग आहे. १०५ किंवा ११० टक्क्यांवर जोडाक्षरांना थोडी हवा मिळते, मात्र इंग्रजी विरळ दिसतं आणि एका ओळीत कमी मजकूर मावतो. ही ओळ मी काढून टाकतो. रोज निव्वळ मराठी मजकुराशी काम असेल तर तुम्ही ठेवा.

इतकं केल्यावर मराठी वाचता येतं: फाइलींची नावं, जुन्या नोंदी, 'कॅट' आणि 'लेस' ने उघडलेला मजकूर. मराठीत लिहायचं असेल तर अजूनही साधा टेक्स्ट एडिटर बरा. टर्मिनलमध्ये मराठी ओळ टाइप करून मागे जाऊन दुरुस्त करायला गेलात की कर्सर चुकीच्या अक्षरावर उभा राहतो. त्याचं मूळ चौकटींच्या हिशेबात आहे, सेटिंगमध्ये शोधत बसू नका. किटीच्या नव्या आवृत्त्यांत हा हिशेब सुधारत चाललाय, तेव्हा मराठीचं काम जास्त असेल तर उबंटूचं जुनं पॅकेज सोडून किटीच्या संकेतस्थळावरची ताजी आवृत्ती घेणं खरंच फायद्याचं आहे.

रंग, आणि दुपारचं ऊन

रंगांची नावं हाताने लिहीत बसू नका. 'किटन थीम्स' ही कमांड द्या, जुन्या आवृत्तीत 'किटी +किटन थीम्स'. थीम्स डाउनलोड व्हायला नेट लागतं. बाणाच्या बटणांनी खाली सरकत जा, नमुना शेजारीच दिसतो, आवडली की एंटर.

यानंतर तुमच्या फाइलीत तुम्ही न लिहिलेल्या ओळी दिसतील. घाबरू नका. निवडलेले रंग 'करंट-थीम.कॉन्फ' या वेगळ्या फाइलीत गेलेले असतात आणि तुमच्या फाइलीत 'इन्क्लूड' अशी ती ओढून आणणारी एक ओळ लिहिली जाते. शेवटची ओळ खरी, हा नियम इथेही लागू. तुमचा एखादा रंग या इन्क्लूडच्या वर असेल तर थीम त्याच्यावरून फिरते. म्हणून स्वतःचे रंग तिच्या खाली लिहा. मी तिथे एकच ओळ ठेवतो:

कर्सर ऑरेंज

नागपूरकर आहे, दुसरा कोणता रंग ठेवणार! गंमत सोडा, गर्दीच्या पडद्यावर संत्री रंगाचा कर्सर खरोखर लवकर सापडतो.

काळी थीमच खरी प्रोग्रामरची, अशी एक समजूत आहे. पारा ४५ च्या आसपास असताना कूलर खिडकीत बसवायचा म्हणून खिडकी उघडी, आणि त्या खिडकीतून येणारा उजेड सरळ पडद्यावर. अशा खोलीत काळ्या पडद्यावरची करडी अक्षरं वाचायचा अट्टहास म्हणजे डोळ्यांवर जुलूम. दिवसा पांढरी थीम लावा, कुणी हसत नाही. पडदा पारदर्शक करणारी 'बॅकग्राउंड_ओपॅसिटी' ही सेटिंग फोटोत छान दिसते. रोजच्या कामात मागच्या खिडकीतली अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात. ती १ वरच असू द्या.

ताज्या आवृत्तीत दिवसाची आणि रात्रीची थीम वेगळी ठेवून सिस्टिमच्या उजळ-गडद बदलासोबत ती आपोआप बदलता येते. थीम निवडतानाच तो पर्याय विचारला जातो.

आवाज, कर्सर, मागचा मजकूर

हे पटापट.

एनेबल_ऑडिओ_बेल नो

टॅब बटण दाबून नाव पुरं करायला काही सापडलं नाही की होणारा आवाज बंद. लायब्ररीत बसणाऱ्यांनी हे आधी करावं.

कर्सर_ब्लिंक_इंटरव्हल ०

लुकलुक बंद. ज्यांना लुकलुकणारा कर्सर आवडतो त्यांनी ही ओळ सोडून द्या.

कर्सरच्या आकाराची एक गोम आहे. 'कर्सर_शेप ब्लॉक' लिहून एफ५ दाबलं तरी कमांड टाइप करायच्या जागी कर्सर बारीक उभी रेघच राहतो. तुमची ओळ बरोबर आहे. किटी शेलशी स्वतःला जोडून घेतं आणि त्या जोडणीत प्रॉम्प्टवरच्या कर्सरचा आकार ते स्वतः ठरवतं. त्याला थांबवायला आणखी एक ओळ लागते, आणि ती नव्या खिडकीत लागू होते:

शेल_इंटिग्रेशन नो-कर्सर

'डिसेबल्ड' लिहून ही जोडणी पूर्ण बंद करू नका, ती कामाची आहे. तिच्यामुळेच कंट्रोल, शिफ्ट, जी दाबल्यावर फक्त शेवटच्या कमांडचं उत्तर वेगळं उघडतं. कंपायलरने चारशे ओळींच्या चुका ओकल्या की पहिली चूक शोधायला हे एक बटण पुरतं.

स्क्रोलबॅक_लाइन्स १००००

वर सरकवून किती मागचा मजकूर बघता येतो ते इथे ठरतं. मूळ आकडा २००० आहे. उणे आकडा दिला तर मर्यादाच राहत नाही, पण ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तसं करू नका. हा बदल नव्या खिडकीपासून लागू होतो, चालू खिडकीत फरक दिसला नाही म्हणून आकडा वाढवत बसू नका. साठलेला मजकूर शोधायचा असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एच.

बटणं

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबव. कॉपीसाठी कंट्रोल, शिफ्ट, सी. नवा माणूस कॉपी करायला जातो आणि चालू असलेलं डाउनलोड मारून बसतो. किटीत याच्यावर छान तोड आहे:

मॅप कंट्रोल+सी कॉपी_ऑर_इंटरप्ट

इथे 'कंट्रोल' म्हणजे बटणावर छापलेली चार अक्षरं, पूर्ण शब्द नव्हे. या ओळीनंतर मजकूर निवडलेला असेल तर कॉपी होतो, नसेल तर नेहमीसारखा प्रोग्राम थांबतो. पेस्टलाही असंच साधं कंट्रोल-व्ही लावावंसं वाटेल. विम शिकणार असाल तर लावू नका. विममध्ये त्या बटणाला स्वतःचं काम आहे, ते मरेल. पेस्ट शिफ्टसकटच ठेवा.

दुसरी ओळ:

मॅप कंट्रोल+शिफ्ट+टी न्यू_टॅब_विथ_सीडब्ल्यूडी

नवा टॅब एरवी होम फोल्डरमध्ये उघडतो, या ओळीने तुम्ही होता त्याच फोल्डरमध्ये उघडतो. असाइनमेंटचं फोल्डर सात पायऱ्या खोल असेल तर याचं मोल कळतं.

एखादं तयार बटण आड येत असेल तर त्याच्या नावापुढे 'नो_ऑप' लिहा, ते गप्प होतं. याहून जास्त बटणं पहिल्या महिन्यात बदलू नका. लॅबच्या मशीनवर तुमची फाइल नसते आणि बोटांना मूळ बटणंही आठवायला हवीत.

दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावर

कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या कंपनीतल्या इंटर्नशिपच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर आपल्या टर्मिनलमधून काम करायची कमांड) गेलात की एखाद्या दिवशी असं होईल: बॅकस्पेस उलटं वागतं, 'क्लिअर' चालत नाही आणि 'एक्सटर्म-किटी' हे टर्मिनल ओळखीचं नाही असा निरोप येतो. सर्व्हर बिघडलेला नसतो. किटी स्वतःची ओळख त्या नावाने सांगतं आणि तिकडच्या यादीत ते नाव नसतं. सरळ 'एसएसएच' ऐवजी हे वापरा:

किटन एसएसएच नाव@सर्व्हर

जुन्या आवृत्तीत सुरुवातीला 'किटी +किटन'. जाताना ही कमांड किटीची माहिती तिकडे ठेवून येते, प्रशासकाला विचारायची गरज पडत नाही.

बिघडलं तर

फाइलीमुळे बिघडलंय की किटीच बिघडलंय, हे आधी वेगळं करा. दुसऱ्या कोणत्याही टर्मिनलमधून:

किटी --कॉन्फिग नन

'नन' चारही अक्षरं मोठी. याने किटी तुमची फाइल न वाचता उघडतं. तिथे सगळं ठीक असेल तर दोष तुमच्या फाइलीत आहे. फाइलीतला खालचा अर्धा भाग हॅश लावून बंद करा, एफ५ दाबून बघा. दोष गेला तर तो त्याच अर्ध्यात, नाहीतर वरच्यात. पुन्हा अर्धं करा. वीस ओळींची फाइल असेल तर चारपाच फेऱ्यांत दोषी ओळ हाताला लागते.

कुणाला मदत मागायची असेल तर पडद्याचा मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो पाठवू नका. कंट्रोल, शिफ्ट, एफ६ दाबा. किटीची आवृत्ती, सिस्टिमची माहिती आणि मूळ मूल्यांपेक्षा तुमच्याकडे काय काय वेगळं आहे, हे सगळं मजकुराच्या रूपात समोर येतं. ते कॉपी करून पाठवा. त्यात मशीनचं नाव किंवा फोल्डरांच्या पत्त्यात तुमचं नाव दिसू शकतं. अनोळखी माणसाला पाठवत असाल तर पाठवण्याआधी तेवढं खोडा.